डिस्टिल्ड वॉटर, एक हजार मिली

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी माझ्या जर्नलचं एक पान लाल शाईनं खोडलं गेलं. पाण्यातले जिवाणू वाढवण्याचं प्रॅक्टिकल होतं. जिवाणू वाढवायचे तर आधी त्यांचं जेवण शिजवावं लागतं. पेप्टोन, मीठ, अगर आणि पाणी एकत्र उकळायचं, निर्जंतुक करायचं आणि काचेच्या बशीत ओतून गार करायचं. त्याला माध्यम म्हणतात. त्या दिवशी डिपार्टमेंटमधलं डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, म्हणून आम्ही सगळ्यांनीच नळाचं पाणी वापरलं. बाकीच्यांनी सीनियरच्या जर्नलमधून उतरवून ‘डिस्टिल्ड वॉटर, १००० मिली’ असं लिहिलं. मी ‘टॅप वॉटर’ लिहिलं, कारण ते नळाचं होतं.

मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारली आणि पान पुन्हा लिहून आणायला सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या. “पुस्तकात काय आहे? तेच लिहायचं,” त्या म्हणाल्या. “एक्स्टर्नल येतात ते तुझं पाणी बघत नाहीत गं, जर्नल बघतात.”

मी पान पुन्हा लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. इंग्रजी शाळेत सिस्टरांनी कर्सिव्ह गिरवून घेतलं होतं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीचं अक्षर चांगलं असलं की शिक्षक तिला फारसं छेडत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या पानाला दहापैकी नऊ मिळाले. त्यानंतर मी कधीच ‘टॅप वॉटर’ लिहिलं नाही.

पीएच.डी.ला त्याच मॅडम माझ्या गाइड झाल्या. सुती साडीवर पांढरा एप्रन, लॅबसाठी वेगळ्या चपला, एक वाजला की डबा. मराठी वाक्याच्या मधेच लॅटिन नावं त्या इतक्या सहज उच्चारायच्या की ती शेजारपाजारच्या माणसांची नावं वाटायची. मुलांच्या कित्येक बॅचेसकडून त्यांनी ती पाठ करून घेतली होती. स्वतः मात्र एकाही जिवाणूला नाव दिलेलं नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बेसिनवर डबा धुताना, माझ्याकडे पाठ करून. “रिटायर व्हायच्या आधी एक तरी,” त्या म्हणाल्या, आणि नळ बंद केला. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं होती.

माझा विषय जालना रोडच्या बाजूच्या जुन्या विहिरींमधले जिवाणू हा होता. तिकडे कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या, मोठे रस्ते आखले जात होते आणि विहिरी एकेक करून बुजत होत्या. बुजायच्या आधी त्यांच्यात काय आहे ते पाहून घ्यावं, असं मॅडमना वाटत होतं. मी बसनं करमाडला उतरायची आणि चालत जायची. लोकांशी बोलणं माझ्यानं होत नसे. मी विहिरीजवळ जाऊन उभी राहायची आणि कुणीतरी विचारीपर्यंत थांबायची.

मे महिन्यात अशीच एका विहिरीपाशी उभी होते. शेजारच्या घरातून एक काकू बाहेर आल्या. माझ्या हातातल्या बाटल्या आणि दोन रिकामे कॅन बघून म्हणाल्या, “पिऊ नको बरं ते. मचूळंय.”

मला ‘मचूळ’ हा शब्द माहीत नव्हता. मी शाळेत ‘ब्रॅकिश’ शिकले होते. मी म्हटलं, “तपासायला न्यायचंय.”

“त्याला काय तपासायचं? डाळ शिजत नाय त्यात. साबनाला फेस येत नाय. केस धुतले तर दोऱ्या व्हत्यात. झाली तपासनी.” मग दोर आणून त्यांनी स्वतःच पोहरा सोडला, कारण मी ज्या पद्धतीनं दोर धरला होता ते त्यांना बघवेना. “कालिजात हेच शिकवत्यात व्हय गं? पानी शेंदाया नाय शिकवत?”

त्यांनी माझे दोन्ही कॅन भरून दिले. मला एवढं नको होतं, पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून चाळीस लिटर मचूळ पाणी घेऊन मी रिक्षानं आणि बसनं परत आले.

तो उन्हाळा शहरात वाईट होता. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही तासभर. डिस्टिल्ड वॉटर बनवायला नळाचं पाणी लागतं, नुसतं भरायला नाही, वाफ गार करण्यासाठी सतत वाहतं ठेवायला लागतं. एक बाटली शुद्ध पाण्यासाठी बादल्याच्या बादल्या मोरीत जातात. त्यामुळे काचेचं ते यंत्र बंदच होतं. क्वचित टँकर आला की चालायचं, आणि मग जे थोडं पाणी मिळे ते घ्यायला सकाळी त्या खोलीत सगळे रिसर्च स्टुडंट जमत. तिथे हुज्जत घालावी लागे. माझं प्रॅक्टिकल आहे, माझं सबमिशन आहे, काल तू नेलंस, आज मी नेणार. मी दारापर्यंत जायची आणि परत यायची.

माझ्या टेबलाखाली दोन कॅन होते. रासायनिक तपासणीसाठी त्यातलं पाणी मी बारीक फिल्टरमधून गाळून ठेवलेलं होतं. दिसायला स्वच्छ होतं. मी त्यातलं एक लिटर मोजून घेतलं आणि माध्यम शिजवलं. एकदाच, असं ठरवून. वहीत मात्र मागच्या पानावरून उतरवलं, डिस्टिल्ड वॉटर, १००० मिली. हात थांबलासुद्धा नाही.

त्या विहिरीच्या पाण्याचा थेंब मी ज्यांवर पसरला होता त्याच बशांवर बाराव्या दिवशी ते दिसलं. खरं तर आठवड्यानं बशा टाकून देतात, पण आधी वाफेच्या दाबानं जिवाणू मारायला ऑटोक्लेव्हसाठी नंबर लावायचा म्हणजे पुन्हा कुणाशी तरी बोलणं आलं, म्हणून त्या पडून राहिल्या होत्या. सुईच्या टोकाएवढे ठिपके, बशी खिडकीकडे तिरकी धरली तरच दिसणारे, अगदी फिक्या जर्दाळू रंगाचे. मी ते उचलून नव्या बशीवर रेघा ओढल्या. परत बारा दिवसांनी तेच. त्याचं ठरावीक जनुक वाचून घेतलं आणि जगभरच्या साठ्याशी ताडून पाहिलं. ज्यांना ज्यांना नाव आहे त्यांपैकी कुणाशीच ते पुरेसं जुळत नव्हतं. जवळचा म्हणावा असा नातेवाईकही लांबचाच होता.

मॅडमनी तो कागद तीनदा वाचला. चष्मा काढला, पुसला आणि चौथ्यांदा वाचला. मग म्हणाल्या, “कुणाला बोलू नकोस हं अजून.” मी कुणाला बोलणार होते!

आमचे लॅब अटेंडंट चाचा यांना मात्र मॅडमनी स्वतःच सांगितलं, त्याच संध्याकाळी. चाचा रोशन गेटकडे राहायचे. मराठी आणि दखनी यांच्यामध्ये त्यांनी कधी कुंपण घातलं नाही. जिवाणूंच्या नळ्यांना ते पोरं म्हणत आणि माध्यमाला खाना.

“मग मॅडम, बारसं कधी?”

“आधी जगू तर दे पोराला.”

“जगतंय की. आमच्यात अकीक्याला बकरा कटता. ये तो दिसत बी नाय, इसको एक अंडा बस हुआ.”

मॅडम हसल्या. “आणि आत्या कोण?”

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. “ये है ना. कानात नाव सांगायला इसका आवाज एकदम बरोबर. बाजूवाले को बी सुनाई नहीं देता.”

माझ्या आवाजावरून लोक नेहमीच काहीतरी म्हणत आले आहेत. त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही.

जिवाणू नवा आहे हे कळणं वेगळं आणि त्याला नाव मिळणं वेगळं. तो काय खातो, किती उष्णता सोसतो, त्याच्या भिंतीत कोणते स्निग्ध पदार्थ आहेत, हे सगळं लिहून द्यावं लागतं. आणि मुख्य म्हणजे तो जिवंत असावा लागतो. दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांमध्ये तो जिवंत जमा करायचा, म्हणजे उद्या जगात कुणालाही मागवून पाहता येईल. दोन्हीकडून ‘मिळाला, वाढला, सांभाळतो आहोत’ असं पत्र आलं की मग नाव यादीत चढतं. झाडाचं चालतं, वाळवून कागदाला चिकटवलेली फांदी पुरते. जिवाणूचं मढं चालत नाही.

नावाची चर्चा चहाच्या वेळी निघाली, तोपर्यंत बातमी फुटलीच होती. कुणी म्हणालं, शहराचं नाव द्या. कोणतं, असं दुसऱ्या कुणी विचारलं, आणि दोन सर एकमेकांकडे न बघता चहा पिऊ लागले. मॅडम म्हणाल्या, “एकदा यादीत गेलेलं नाव शहर बदललं म्हणून बदलता येत नाही. नकोच ते.” मग त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, त्या पाण्याला तिकडे काय म्हणतात? मी काकूंचा शब्द सांगितला. त्यांनी त्याला लॅटिनचं शेपूट लावलं, कागदावर लिहिलं आणि कागद जरा लांब धरून पाहिला. ते नाव मी इथे लिहीत नाही. नियमाप्रमाणे ते नाव नाहीच.

तोपर्यंत पाऊस होऊन गेला होता. नळ नियमित झाला, यंत्र सुरू झालं, डिस्टिल्ड वॉटर पुरून उरू लागलं. एकदाच म्हणून उघडलेले कॅन मी तीन महिने वापरले होते. ते संपले आणि मी सगळ्यांसारखं त्या खोलीतून पाणी आणू लागले. वहीत काही बदललं नाही. आधीची पानं आणि नंतरची पानं शेजारी ठेवली तर त्यांत फरक सापडणार नाही, अक्षराचासुद्धा नाही.

ठिपके यायला बाराऐवजी पंधरा दिवस लागू लागले, मग वीस. मॅडम म्हणाल्या, “थंडी पडलीय. शिवाय नवं पोर, नखरे करणारच.” ऑक्टोबरच्या शेवटी मी त्याच्या सहा छोट्या कुप्या भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या. ते नमुने आधीच्या पिढ्यांपेक्षा विरळ होते. मी मायक्रोस्कोपमधून पाहिलं होतं आणि पाहून काही बोलले नव्हते. नोव्हेंबरमध्ये पहिल्या संग्रहाकडे नमुना गेला. बरोबर माध्यमाची कृती मी स्वतः टाइप करून पाठवली. पाणी, डिस्टिल्ड.

जानेवारीत पत्र आलं. सभ्य, दोन ओळींचं. तुमच्या कृतीनुसार वारंवार प्रयत्न करूनही नमुना वाढला नाही. कृपया माध्यमाचा नेमका तपशील तपासून नवा नमुना पाठवावा.

मॅडमनी ते माझ्यासमोर ठेवलं. “वही पुन्हा बघ. काही सुटलंय का.” मी तीनही वह्या काढल्या. दोन दिवस बसून पान न् पान वाचलं. काही सुटलेलं नव्हतं. मला खरोखरच काही आठवत नव्हतं, हे आता कुणाला पटणार नाही. जे लिहिलं होतं तेच घडलं होतं, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी चाचा टेबलाखाली वाकले आणि त्यांनी एक कॅन ओढून काढला. आतून त्याला पांढरा थर बसला होता. “बेटी, इसमें मी फिनाईल भरू का? कायकू ठेवली?”

“राहू द्या,” मी म्हटलं. “सँपलचा आहे.”

“कायका सँपल? संपून किती महिने झाले. पूरा उन्हाळा पोरांचा खाना तर तू इसीमें पकाई.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग माझी नजर त्या पांढऱ्या थराकडे गेली. एक लिटरचं मोजपात्र तिरकं धरून मी कॅनमधून पाणी ओतते आहे आणि दाराबाहेर दोघंजण डिस्टिल्ड वॉटरवरून भांडताहेत, हे मला अख्खं दिसलं. चाचा वाट बघत उभे होते. मी म्हटलं, “भरा फिनाईल.” नाही, तसं नाही. आधी मी ‘थांबा’ म्हटलं, दुसरा कॅन माझ्याकडे ओढून घेतला आणि मग म्हटलं, “तो एक भरा.”

दुसऱ्या दिवशी मी करमाडची बस पकडली. मॅडमना सांगितलं की आणखी नमुने हवेत. बसमध्ये कॅन मांडीवर घेऊन मी हिशोब मांडत होते. फ्रीजरमध्ये सहा कुप्या आहेत. विहिरीचं पाणी मिळालं की माध्यम शिजवायचं, बारा दिवस थांबायचं. मॅडमच्या निवृत्तीला चार महिने होते. जमलं असतं.

मी नेहमीच्या वळणावर उतरले आणि दोनदा चुकले. ज्या बाभळीवरून मी वळायची ती नव्हती. घर होतं. काकू दारात शेंगा निवडत होत्या.

“ती पान्याची पोरगी ना गं तू? वाळलीस लई.”

“काकू, विहीर?”

“बुजवली की.” त्यांनी हनुवटीनं दाखवलं. समोर लाल मुरमाची रुंद, सपाट पट्टी होती. “संक्रांतीच्या आंगूदर. दोन दिस नुसते टिप्पर येत व्हते. मंग रोलर फिरिवला.”

“त्यातलं पाणी...”

“आसंल की खाली. जातंय कुठं?” त्यांनी एक शेंग फोडली. “त्या पान्याला कुनी कवा इचारलं नाय बघ. माझ्या सासूनं नाय, मी नाय. तूच एकली निघालीस इचारनारी, आन् तू बी उशिरा.” हे त्या हसत म्हणाल्या. त्यांच्या लेखी ती थट्टा होती. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं. “बोअरचं देऊ का? ते गोडंय.”

मी एका बाटलीत बोअरचं पाणी घेतलं. आणखी लांबच्या दोन विहिरींचंही घेतलं. काकूंनी चहा केला, तो गोड्या पाण्याचा होता. निघताना मी त्या पट्टीवरून चालून पाहिलं. विहीर कुठे होती ते पायांना कळेल असं वाटलं होतं. सगळीकडे सारखंच टणक लागलं.

पुढचे दोन महिने मी एकेक कुपी उघडत गेले. पहिली बोअरच्या पाण्यावर. दुसरी आणि तिसरी त्या दोन विहिरींच्या पाण्यावर. माझ्याकडे विहिरीच्या पाण्याचा तपासणीचा कागद होता, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट असं सगळं होतं. चौथ्या कुपीसाठी मी ते क्षार वजन करून डिस्टिल्ड वॉटरमध्ये घातले आणि नकली मचूळ पाणी बनवलं. त्यात आणखी काहीतरी असणार, जे आम्ही मोजलंच नव्हतं. उरलेल्या कॅनच्या आतला पांढरा थर खरवडून पाचव्या कुपीला दिला. कसलीच आशा न ठेवता मी वाट बघत होते, असं मी आता म्हणते. तेव्हा मी रोज सकाळी जिना चढताना पायऱ्या मोजायची आणि सम संख्या आली तर बरं वाटायचं.

मॅडम माझ्या आधी येऊन बसलेल्या असत. बशी खिडकीकडे तिरकी धरून बघत. त्यांना आता इतकं बारीक दिसत नव्हतं. “तू बघ गं,” त्या म्हणत. “तुझे डोळे तरुण आहेत.” मी बघायची. स्वच्छ अगर. दुसऱ्या बाजूनं बघायची. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत उभ्या असायच्या, आणि बशीपेक्षा ते अवघड जायचं. एवढ्या वेगवेगळ्या पाण्यांवर का वाढवतेस, हे त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, “करून बघते.” त्यांनी पुढे विचारलं नाही. मी कमी बोलते हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे मी काय लपवते आहे असा प्रश्न कुणाला पडत नाही.

पाचवी कुपीही गेली तेव्हा मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्या खोक्यांत पुस्तकं भरत होत्या.

“मॅडम, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हतं.”

“कुठलं?”

“सुरुवातीचं. तीन महिने. त्या विहिरीचंच होतं. लिहिलं मी डिस्टिल्ड.”

त्या खुर्चीवर बसल्या. वही मागितली. एकेक पान उलटताना त्यांचं बोट त्या ओळीवर थांबायचं आणि पुढे जायचं.

“सगळ्या पानांवर?”

“हो.”

“अगं, पण का?”

लाल रेघ माझ्या डोळ्यांपुढे होती. ते पान, ती समासातली जागा, दहापैकी नऊ. मॅडमना त्यातलं काही आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेकडो जर्नलं तपासलेल्या माणसाला एक पान का आठवावं? आणि दोष त्या रेघेचा होता असंही मला म्हणता येणार नव्हतं, कारण हात माझा होता. मी म्हटलं, “सवयीनं.”

“मग आता त्या पाण्यात कर ना. विहीर आहे ना?”

“नाही.”

बाहेर चाचा फरशी पुसत होते. फिनाईलचा वास आत आला. मॅडमनी विचारलं, “हे कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“नकोच सांगूस. हे एक पान चुकीचं आहे म्हटलं की कुणीही बाकीची पानं खरी मानणार नाही. तुझे दुसरे जिवाणू बरोबर आहेत, तेही जातील. थीसिस जाईल.” त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “साठवणुकीत नमुन्याची जीवनक्षमता गेली, असं लिही. होतं तसं पुष्कळांचं.”

त्या मला वाचवत होत्या. मी मान हलवली.

एक कुपी उरली होती. अलीकडे एक वेगळी नियमावली निघाली आहे. जिवंत नमुना नसला तरी जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच नीट वाचलेला असेल तर तेवढ्यावर नाव ठेवता येतं. जे प्रयोगशाळेत वाढतच नाहीत अशांसाठी तो रस्ता आहे. जुन्या पद्धतीच्या लोकांना तो मान्य नाही आणि मॅडमनाही नव्हता. “ज्याला हातात धरता येत नाही त्याला नाव कसलं?” असं त्या पूर्वी वर्गात म्हणायच्या. आता त्यांनीच तो विषय काढला. शेवटची कुपी बशीवर पसरायची की फोडून तिच्यातला डीएनए काढायचा, एवढाच प्रश्न होता. डीएनए काढला तर जगण्याची शेवटची शक्यता आपणच संपवणार. मॅडम म्हणाल्या, “काढ.”

मी काढला. नळीच्या तळाशी दिसेल न दिसेल एवढा. तो वाचायला पाठवला आणि तीन आठवडे मॅडम रोज इमेल उघडून बघत. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पाठवलेल्यातलं जवळजवळ सगळं मातीतल्या एका साध्या जिवाणूचं होतं. तो कुठेही सापडतो, कपाटावरच्या धुळीत, खिडकीच्या चौकटीत, आपल्या बुटांवर. शेवटच्या कुपीत तो केव्हा शिरला कोण जाणे, पण माझंच ते झाकण, मीच लावलेलं. आमच्या जिवाणूचे त्यात नुसते तुकडे होते, आणि जोडून काही उभं राहील एवढेही नव्हते. ज्याचं सगळं मिळालं त्याला नाव आहे. शंभरहून जास्त वर्षांपासून आहे.

“हा तर मी पहिल्या वर्षाला शिकवते,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी कंप्युटर नीट बंद केला, स्क्रीनवरची धूळ पुसली आणि डबा घेऊन बेसिनकडे गेल्या.

मेच्या शेवटी त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. कुणीतरी भाषणात म्हणालं की मॅडमनी जिवाणूंना नावानं ओळखायला शिकवलं. त्या खाली बघत होत्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, मी मान हलवून नकार दिला आणि सगळे समजून हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांची लॅब रिकामी करायची होती. नियम असा की काहीही जिवंत बाहेर जाता कामा नये. चाचा आणि मी सगळ्या नळ्या आणि बशा टोपल्यांत भरल्या. जर्दाळूच्या डब्यातल्या नळ्यांमध्ये काही जिवंत नव्हतं, तरी त्याही घातल्या. तो डबा म्हणजे सुक्या मेव्याचा जुना पत्र्याचा डबा, मॅडमनी घरून आणलेला, त्या रंगावरून. चाचांनी ऑटोक्लेव्हचं झाकण आवळलं आणि नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

रकाने ठरलेले आहेत. अनुक्रमांक, जिवाणूचं नाव, माध्यम, पाणी, तारीख, सही. पाण्याचा रकाना का आहे ते मला ठाऊक नाही. बहुधा कुणीतरी कधीतरी पुस्तकातून उतरवला असेल. नावाच्या रकान्यात मी आमच्या नमुन्याचा क्रमांक लिहिला.

“नाव नाही लिहिली?” चाचांनी विचारलं.

“नाहीये, चाचा.”

 दाबाचा काटा चढू लागला होता आणि त्यांचं लक्ष तिकडे होतं. मी माध्यम लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी पेन काही क्षण थांबलं. मॅडमचं नाव याच वहीत होतं, माझा थीसिस जमा व्हायचा होता, आणि मागच्या ओळीत, त्याच्या मागच्या ओळीत, पानाच्या वरपर्यंत सगळीकडे एकच शब्द होता. मी तोच खाली उतरवला आणि सही केली.